मदत हवी आहे: परदेशातून लँडलाइनवर फोन लावायला कोणतं अ‍ॅप?

सध्या परदेशात आहे, अजून तीन आठवडे मुक्काम. घरच्यांशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं होतं, तो प्रश्न नाही. अडचण लँडलाइनची. आईकडे स्मार्टफोन नाही (आणि तिला तो नकोच आहे), शिवाय बँकेच्या हेल्पलाइनलाही फोन करायचाय. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या नंबरवर फोन लागत नाही. पूर्वी यासाठी स्काइप वापरायचो, पण ते मे २०२५ मध्ये बंद झालं.

एका अ‍ॅपमध्ये थोडे पैसे भरून पाहिलं. हॉटेलच्या वायफायवर रिंग जाते, आई फोन उचलते, तिचं "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" मला स्वच्छ ऐकू येतं, माझं मात्र तिला काहीच नाही. मग ती वैतागून फोन ठेवते. मोबाइल डेटावर तेच अ‍ॅप व्यवस्थित चालतं, म्हणजे माइक आणि परवानग्या ठीक असाव्यात. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, फोन रीस्टार्ट केला, फरक शून्य. हॉटेलचं फायरवॉल आवाज अडवतंय असा माझा अंदाज.

फोन अँड्रॉइड. इथलं सिम फक्त डेटाचं आहे आणि डेटा मोजकाच, त्यामुळे वायफायवर चालणं गरजेचं. रोमिंग नको. महिन्याचं सबस्क्रिप्शनही शक्यतो नको, मिनिटाप्रमाणे पैसे चालतील.

व्हायबर आउट (व्हायबर अ‍ॅपमधून साध्या नंबरवर पैसे भरून फोन लावायची सोय) कोणी अशा अडवणाऱ्या वायफायवरून वापरलंय का? दोन्हीकडचा आवाज नीट येतो का, आणि समोरच्याला माझाच नंबर दिसतो की भलताच?