मदत हवी आहे : बी-१२ च्या एका कमतरतेने जीभ, रक्त आणि पाय एकाच वेळी कसे बिघडतात, हे माळकरी वडिलांना समजावायचे आहे

नमस्कार.

माझे वडील ६८ वर्षांचे असून कऱ्हाडजवळ आमच्या गावी राहतात. ते माळकरी आहेत, त्यामुळे मांस, मासे, अंडी यांचा प्रश्नच येत नाही. मधुमेहासाठी ते अनेक वर्षांपासून मेटफॉर्मिन घेतात आणि पित्ताच्या त्रासासाठी सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोलची गोळी घेतात. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या जिभेची इतकी आग होऊ लागली की तिखट तर सोडाच, कोमट आमटीही त्यांना सोसवेना. जिना चढताना दम लागू लागला आणि पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. नातेवाइकांनी तिन्हींची तीन निरनिराळी कारणे सांगितली : जीभ उष्णतेने सोलली, दम वयोमानाने लागतो आणि मुंग्या साखरेमुळे येतात.

मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीने. तोंडावर पाण्याचा हबका मारताना डोळे मिटले की बाबांचा तोल जातो आणि ते एका हाताने बेसिनची कड घट्ट धरून ठेवतात. अंगणातून येताना पायातली एक चप्पल मागे राहिली, तर आई सांगेपर्यंत त्यांना ते कळत नाही.

तपासण्यांत हिमोग्लोबिन १०.४ आले, लाल पेशींचे सरासरी आकारमान, ज्याला अहवालात एमसीव्ही म्हणतात, ते ११२ आले, म्हणजे पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आहेत, आणि बी-१२ हे ११८ पिकोग्रॅम भरले. डॉक्टरांनी १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने लिहून दिली आहेत : आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला एक, नंतर महिन्याला एक.

बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. कारण पटले तर ते कितीही कडू औषध घेतील, पण कारण पटल्याशिवाय साधी गोळीही घेणार नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असा, की पेशीपासून ऊती, ऊतींपासून इंद्रिये, इंद्रियांपासून संस्था हा क्रम मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवला. जीभ पचनसंस्थेत, रक्त रक्ताभिसरण संस्थेत आणि पायांच्या नसा चेतासंस्थेत मोडतात, तर एकच जीवनसत्त्व या तिन्ही ठिकाणी एकदम कसे कमी पडेल? दुसरा प्रश्न त्यांना जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे हे औषध प्राण्याच्या यकृतापासून काढतात का. तसे असेल तर माळ घालून ते घेणार नाहीत, आणि त्यांच्या या निष्ठेचा मला आदर आहे. तिसरा प्रश्न आईचा आहे : दूध, ताक, मोडाची कडधान्ये आणि आंबोळी नेमाने दिली तर इंजेक्शन टाळता येईल का?

उपचार डॉक्टरांच्याच सल्ल्याने होणार आहेत, त्यामुळे मला येथे औषधांच्या मात्रांबद्दल सल्ला नको आहे. बाबांपुढे ठेवता येईल असे, कारणांची साखळी न तुटणारे स्पष्टीकरण हवे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : प्रयोगशाळा

आपल्या वडिलांचा पहिला प्रश्न अतिशय योग्य आहे आणि त्याचे उत्तर त्यांनी शिकवलेल्या क्रमातच आहे. फक्त वाचायला सुरुवात संस्थेपासून न करता पेशीपासून करावी लागेल. जीवनसत्त्व संस्थेला किंवा इंद्रियाला ओळखत नाही, ते पेशीच्या आत काम करते. बी-१२ माणसाच्या पेशीत फक्त दोन विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, मदत करते. त्यांपैकी पहिल्या विकराचे काम अडले की पेशीतील फोलेट (दुसरे एक ब जीवनसत्त्व, गोळ्यांत ते फॉलिक आम्ल म्हणून मिळते) वापरता न येणाऱ्या रूपात अडकून पडते आणि नवीन डीएनए बनवण्यासाठी लागणारा कच्चा माल अपुरा पडतो. दुसरे विकर पेशीतील तंतुकणिकांमध्ये काही मेदाम्ले आणि अमिनो आम्ले यांच्या विघटनात लागते.

आता प्रश्न असा, की हा तुटवडा आधी कोणाला जाणवेल? ज्या पेशींना सतत दुप्पट व्हावे लागते त्यांना. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून अस्थिमज्जेला दर सेकंदाला साधारण २० लाख नव्या लाल पेशी तयार कराव्या लागतात. डीएनए वेळेवर तयार झाला नाही की पेशी वाढत राहते, पण विभागली जात नाही. परिणामी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या पेशी रक्तात येतात. आपल्या वडिलांचे ११२ हे एमसीव्ही म्हणजे हेच चित्र आहे. अशा रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर रंगवून पाहिला, तर लांबट, अंडाकृती, मोठ्या लाल पेशी दिसतात आणि पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिलचे केंद्रक, जे एरवी तीन-चार खंडांचे असते, ते पाच-सहा खंडांचे झालेले दिसते. एकदा ही पट्टी पाहिलेला माणूस ती विसरत नाही. जिभेवरची अभिस्तर ऊतीही अशीच भराभर नवी होणारी आहे, म्हणून तिच्यावरील बारीक उंचवटे झिजतात, जीभ गुळगुळीत व लाल होते आणि तिची आग होते. पाठ्यपुस्तकात जीभ आणि अस्थिमज्जा वेगळ्या प्रकरणांत असल्या, तरी बी-१२ च्या दृष्टीने त्या शेजारी-शेजारी आहेत.

पायांचे कारण वेगळे आहे, कारण चेतापेशी विभागत नाहीत. त्यांच्या लांब तंतूंभोवती मायलिनचे आवरण असते, विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे असते तसे, आणि हे आवरण धड राहण्यासाठी बी-१२ लागते. सर्वांत लांब तंतू पायांच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून मुंग्या तेथून सुरू होतात. मज्जारज्जूच्या मागील बाजूने जे तंतू वर जातात, ते पाय नेमका कोठे आणि कसा टेकला आहे ही वार्ता मेंदूला देतात. ती वार्ता थांबली की माणूस नकळत डोळ्यांच्या आधाराने तोल सांभाळतो, आणि डोळे मिटले की तोही आधार जातो. बेसिनची कड धरण्याचे आपण केलेले वर्णन डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा. हे निरीक्षण मुंग्यांपेक्षा मोलाचे आहे, कारण मुंग्या मधुमेहानेही येतात आणि त्यामुळे मधुमेही रुग्णांत बी-१२ ची कमतरता साखरेच्या नावावर खपून जाण्याचा धोका असतो.

प्रतिसाद : आहारातून

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आपल्या आईंच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण घरोघरी तोच विचारला जातो.

बी-१२ तयार करण्याची क्षमता फक्त जीवाणू आणि त्यांच्यासारख्या काही सूक्ष्मजीवांकडे आहे. वनस्पतींना त्याची गरज नसते, म्हणून मोडाची मटकी असो की पालक, त्यांतून भरवशाचे बी-१२ मिळत नाही. स्पिरुलिनाची जाहिरात पुष्कळ होते, पण तिच्यात मुख्यतः बी-१२ सारखे दिसणारे आणि माणसाच्या शरीरात निरुपयोगी असलेले संयुग असते. आंबोळीच्या आंबवणावरही अवलंबून राहता येत नाही. शाकाहारी घरात खरा स्रोत दूध, दही आणि पनीर हाच आहे. दूध फार वेळ उकळत ठेवले तर त्यातील काही भाग नष्ट होतो. एक बारकावा लक्षात ठेवावा : एका वेळी शरीर आहारातून साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅमच नेहमीच्या मार्गाने शोषू शकते, म्हणून दूध एकदम न घेता दोन-तीन वेळांत विभागून घेणे अधिक उपयुक्त ठरते.

परंतु आपल्या वडिलांच्या बाबतीत ताटात काय आहे एवढाच प्रश्न नाही, ते आत पोहोचते का हा मोठा प्रश्न आहे. अन्नातील बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. जठरातील आम्ल आणि पेप्सिन ते सोडवतात, आणि पँटोप्राझोल नेमके ते आम्लच कमी करते. सुटलेल्या बी-१२ ला पुढे जठराच्याच पेशींनी स्रवलेला एक प्रथिन-घटक लागतो, जो त्याला लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत घेऊन जातो आणि तेथेच शोषण होते. मेटफॉर्मिन अडथळा आणते ते याच टप्प्यावर. म्हणजे आहारात मुळात थोडे, जठरात त्याची सुटका कमी आणि आतड्यात शोषण कमी, अशी तिहेरी अडचण येथे आहे. आपल्या मोठ्या आतड्यातील जीवाणूही बी-१२ बनवतात, पण ती जागा शोषणाच्या जागेच्या पुढे असल्याने त्याचा आपल्याला उपयोग होत नाही. इंद्रियांचा क्रम किती महत्त्वाचा असतो हे सांगायला, शिक्षक असलेल्या वडिलांसाठी, याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

म्हणून आत्ता केवळ दूध वाढवून भागणार नाही. मेटफॉर्मिन मात्र कोणाच्या सांगण्यावरून स्वतःहून बंद करू नये. ते चालू ठेवून ठरावीक काळाने बी-१२ तपासावे, असाच मधुमेहतज्ज्ञांचा सल्ला असतो. पँटोप्राझोलची गरज अजून आहे का, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि माळेबद्दल. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या विकारावर यकृत आणि यकृताचा अर्क देत असत; १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी यकृताच्या आहाराचा परिणाम प्रसिद्ध केला आणि त्यासाठी व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल मिळाले. वडिलांच्या कानावर आलेली गोष्ट त्या काळातील असावी. आज औषधातील बी-१२ जीवाणूंच्या किण्वनाने तयार केले जाते, ते यकृतातून काढत नाहीत. पुढे गोळ्या घ्यायच्या ठरल्या, तर एवढेच पाहा की कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते आणि जिलेटिन प्राणिजन्य असते. म्हणून साधी गोळी किंवा शाकाहारी असा हिरवा ठिपका असलेले उत्पादन मागावे.

प्रतिसाद : प्रयोगशाळा

वरील प्रतिसादाला एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. रक्त कमी आहे म्हणून कोणी परस्पर फॉलिक आम्लाच्या गोळ्या सुरू करून देईल, तर त्या एकट्या घेऊ नयेत. फॉलिक आम्ल भरपूर मिळाले की डीएनएचे काम काही प्रमाणात पुढे सरकते, हिमोग्लोबिन वाढते, अहवाल सुधारलेला दिसतो, पण मायलिनचे नुकसान आत चालूच राहते. नसांचे नुकसान जुने झाले तर ते पूर्ण भरून निघेलच असे नाही, म्हणून हा धोका मी आवर्जून सांगतो.

या दोन जीवनसत्त्वांचा वेगळेपणा प्रथम ध्यानात येण्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे. लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये परळच्या हाफकिन संस्थेत काम करण्यासाठी आल्या. कापड गिरण्यांतील गरोदर स्त्रियांमध्ये मोठ्या लाल पेशींचा पंडुरोग दिसत होता. त्यांच्या आहाराचा अभ्यास करून विल्स यांनी यीस्टचा अर्क दिला आणि त्याने रक्त सुधारते हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधील हा घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलेट. काचपट्टीवर दोन्ही विकार जवळजवळ सारखेच दिसतात. फरक पडतो तो नसांवर, आणि म्हणूनच बी-१२ स्वतंत्रपणे मोजावे लागते.

ही कमतरता केवळ आपल्या घरापुरती नाही, हेही वडिलांना सांगा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक मातांमध्ये बी-१२ कमी आढळले होते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद मोठ्या अक्षरांत छापून बाबांना दिले. त्यांनी पेन घेऊन जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंतचा मार्ग स्वतः कागदावर काढला आणि पँटोप्राझोल व मेटफॉर्मिन कोठे आडवे येतात तेथे खुणा केल्या. औषध जीवाणूंपासून बनते हे कळल्यावर त्यांची मुख्य हरकत राहिली नाही आणि इंजेक्शने सुरू झाली आहेत. बेसिनची गोष्ट डॉक्टरांना सांगितली. त्यांनी बाबांना पाय जुळवून, डोळे मिटून उभे केले, आणि रात्री उठताना दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकू नये असे बजावले.

आता बाबांनी विचारलेला एक प्रश्न शिल्लक आहे. शोषणच कमी असेल, तर इंजेक्शनांचा क्रम संपल्यावर पोटात घ्यायच्या गोळीचा उपयोग कसा होईल? आणि सुधारणा कोणत्या क्रमाने दिसावी?

प्रतिसाद : आहारातून

मोठ्या मात्रेत बी-१२ चा सुमारे एक टक्का भाग त्या प्रथिन-घटकाच्या मदतीशिवाय, आतड्याच्या भिंतीतून सरळ झिरपतो. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून असे साधारण १० मायक्रोग्रॅम आत जातात आणि रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम आहे. शिवाय गोळीतील बी-१२ प्रथिनाला चिकटलेले नसते, त्यामुळे आम्लाची अडचणही येत नाही. म्हणून पुढे गोळीवर राहता येते का, हे डॉक्टर नसांची सुधारणा पाहून ठरवतील. मेटफॉर्मिन आणि शाकाहार दोन्ही कायम राहणार असल्याने पूरक बी-१२ ही कायमची गरज धरूनच चालावे.

सुधारणेचा क्रम पेशींच्या वेगाप्रमाणेच असतो. आठवड्याभरात अस्थिमज्जा नव्या लाल पेशी भराभर सोडू लागते, जिभेची आगही लवकर कमी होते, हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत पूर्वपदावर येते. नसांना मात्र सहा महिने ते वर्षही लागते, आणि सुरुवातीच्या काही दिवसांत मुंग्या थोड्या वाढल्यासारख्या वाटल्या तरी त्यामुळे इंजेक्शन थांबवू नये; डॉक्टरांना कळवावे आणि ठरलेला क्रम पूर्ण करावा.