वॉरफेरिन सुरू असताना गव्हांकुराचा रस आणि पालेभाज्या

प्रश्न
माझ्या वडिलांना हृदयाची कृत्रिम झडप बसवल्यापासून वॉरफेरिनची (रक्त पातळ ठेवणारी) गोळी रोज रात्री सुरू आहे. त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) 2.5 ते 3.5 असावा असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि आईच्या वहीत तो कायम 2.8 च्या आसपास नोंदलेला दिसतो. मात्र परवा तो 1.7 आला, म्हणून डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. घरी आल्यावर कळले की आबा तीन आठवड्यांपासून रंकाळ्यावर फिरून येताना रोज पेलाभर गव्हांकुराचा रस घेत होते. डॉक्टरांना हे सांगायचेच राहिले. आता रस तर बंदच, पण मेथी, पालक, शेपूही घरात आणायचे नाहीत असे आईने ठरवले आहे. हे योग्य होईल का?

उत्तर 1
माझे सासरे थायरॉईडची गोळी घेऊन लगेच गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जात, त्यामुळे टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) काही केल्या उतरत नव्हता. गोळी उपाशीपोटी घेऊन तासभर थांबू लागल्यावर तो आटोक्यात आला. आबांनाही गोळी आणि पालेभाजी यांत अंतर ठेवता येईल, असे वाटते.

उत्तर 2
मी औषधविक्रेता आहे. थायरॉईडच्या गोळीचे शोषण दुधामुळे पोटातच कमी होते, म्हणून तिथे अंतराचा उपयोग होतो. वॉरफेरिनचे तसे नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात जीवनसत्त्व 'के'च्या मदतीने तयार होतात आणि वॉरफेरिन त्यालाच आळा घालते, त्यामुळे पालेभाजीतले किंवा गव्हांकुरातले 'के' गोळीचा परिणाम कमी करते; मग भाजी सकाळी खाल्ली काय नि रात्री खाल्ली काय, परिणाम तोच. 100 ग्रॅम कच्च्या पालकात हे जीवनसत्त्व सुमारे 480 मायक्रोग्रॅम असते, तर कोबीत 76 च्या आसपास.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. मात्रा वाढवली ती रस चालू असताना आलेल्या आकड्यावरून. आता रस आणि पालेभाज्या एकदम बंद झाल्या, तर वाढीव मात्रेमुळे आयएनआर वर जाऊन रक्तस्रावाचा धोका उद्भवेल. कृपया आजच डॉक्टरांना फोन करून रसाबद्दल सांगा आणि मात्रा स्वतःहून बदलू नका. पालेभाजी सोडण्याची गरज नसते. दर आठवड्याला साधारण तेवढीच खावी, एवढेच पथ्य. भाजीतली चिमूटभर हळद चालते, पण हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आत्ताच डॉक्टरांशी बोललो. त्यांनी आजची मात्रा पुन्हा ठरवून दिली आणि सोमवारी तपासणीला बोलावले आहे. आठवड्यातून दोनदा वाटीभर मेथी चालेल असे ते म्हणाल्यावर आईने वहीत आयएनआरच्या शेजारी भाजीसाठी वेगळा रकाना आखला आहे.