२०१३ची वॅगन-आर सीएनजी अकोट्यात बघतोय, घेण्याआधी काय तपासू?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. बडोदा पासिंगची (जीजे-०६) २०१३ची वॅगन-आर बघतोय. कंपनी फिटिंगचं सीएनजी, मीटरवर १ लाख १२ हजार, दुसरा मालक, गाडी बडोद्यातल्या अकोटा भागात सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी असते. २ लाख १० हजार मागतोय. वापर मांजलपूर ते वाघोडिया, जाऊन-येऊन रोज ५० किमीच्या आसपास.

बॉडी आणि रंग चांगला. पेट्रोलवर इंजिन गुळगुळीत चालतं. गॅसवर टाकलं की सिग्नलला थरथरतं आणि दुसऱ्या गिअरला उचल घेताना झटका देतं. विकणारा म्हणतो, ट्यूनिंग केलं की जाईल. एवढंच आहे का? आणि पहिल्या वर्षाचा खर्च किती धरू?

विश्वामित्रीकाठ

इंजिनाकडे नंतर वळा. अकोटा आणि बेसमेंट हे दोन शब्द एकत्र आले की पहिला प्रश्न पुराचा. ऑगस्ट २०२४ला अकोटा, समा, फतेगंज, मुजमहुडा इथल्या तळघरांत पाणी भरलं होतं. त्याआधी ३१ जुलै २०१९ला एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस झाला होता. ही गाडी दोन्ही वेळा इथेच असणार.

रंग आणि सीट कव्हर बघून काही कळत नाही, ते धुऊन नवं करता येतं. हे बघा: चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. आत गुंडाळलेला भाग सहसा कुणी धूत नाही, मातीची रेघ तिथे राहते. पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट आणि सीटखालच्या स्प्रिंगा गंजल्यात का बघा. दाराजवळची प्लास्टिकची पट्टी उचकटून कार्पेटच्या खालचा फोम दाबा, ओल किंवा कुबट वास लगेच कळतो. ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सचे एक-दोन कनेक्टर काढून पिना बघा. हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर ती गाडी सोडा. तारांचं तांबं आतून गंजत जातं आणि दोन पावसाळ्यांनी कधी काच अडकते, कधी इंजिनचा दिवा लागतो, दोष मात्र सापडत नाही.

सीएनजी गाडीत आणखी एक जागा असते, डिक्कीत सिलिंडरच्या स्टँडखाली. तिथे हात जात नाही म्हणून गाळ तसाच राहतो. टॉर्च लावून स्टँडचे बोल्ट आणि सिलिंडरचा खालचा भाग बघा.

मागच्या विम्याच्या प्रतीही मागा. २०२४नंतरच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस एकदम शून्यावर आला असेल तर त्याचं कारण विचारा. पण इतकी जुनी गाडी बहुतेकदा नुसत्या थर्ड पार्टीवर असते, त्यात बोनस नसतोच. म्हणून कागद स्वच्छ दिसले तरी कार्पेट उचलाच.

पाना_पकड

आता थरथरीचं. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), यामागे स्वस्तातलं कारणही असतं आणि महागातलंही. गॅसचं मिश्रण पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा त्याला व्होल्टेज देणारी थकलेली कॉइल आधी गॅसवरच उघडी पडते. या क्रमाने जा:

१) स्कॅनर लावा. पी०३०१, पी०३०२ किंवा पी०३०३ कोड असेल तर मिसिंग इंजिनच्या कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते कळेल. या तीन सिलिंडरच्या इंजिनला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते. संशय असलेली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा आणि गॅसवर चालवा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. नाही सरकला तर प्लगची अदलाबदल करून पुन्हा बघा.

२) त्यानेही कोड जागचा हलला नाही तर गॅसचा फिल्टर आणि इंजेक्टर. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर थोडं थोडं येतं आणि इंजेक्टर चिकटतात. एअर फिल्टर तुंबला असेल तरी गॅसवर चाल बिघडते, तो आधी झटकून बघा.

३) मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची गेजने मोजणी. हे केल्याशिवाय बयाणा देऊ नका. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सुटे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज, आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे पाच-सहा दणके. एकूण आकड्यापेक्षा तिघांतला फरक महत्त्वाचा. एखादा १ बारपेक्षा जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर, साधारण ५ मिली, इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

सीएनजीवर लाखभर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हचाच संशय जास्त. पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हवर पडून त्याला थोडा ओलावा आणि थंडावा देतो. गॅस कोरडाच जातो. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते. शेवटी गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कडेने जळतो. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, फट आपोआप भरून निघत नाही. फट कमी होताना आवाजही वाढत नाही, उलट इंजिन शांत वाटतं. "टॅपेटचा आवाज नाही, म्हणजे इंजिन मस्त" यावर विसंबू नका.

दांडियाबाजार

विश्वामित्रीकाठ यांच्याशी बाकी सहमत, फक्त एक भर. पाणी फ्लोअरपर्यंत आलेली आणि डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी यांत फरक करा. नुसतं कार्पेट भिजलं आणि लगेच उघडून वाळवलं असेल तर व्हील बेअरिंग आणि ब्रेक तपासून भाव पाडता येतो. पाणी भरलेलं असताना कुणी सेल्फ मारला असेल तर मात्र कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, कारण पाणी दबत नाही. त्याचाही पत्ता कॉम्प्रेशनमध्येच लागतो.

कागद: आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" आहे का बघा. गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, शेवटची तारीख प्लेटवर असते. ती उलटून गेली असेल तर गॅस भरून मिळत नाही. फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भरून दरजीपुऱ्याच्या आरटीओत नावबदल स्वतः पाठपुरावा करून करा, आणि विमाही १४ दिवसांत नावावर घ्या. २०२८मध्ये १५ वर्षं भरतील, तेव्हा फिटनेस तपासणी आणि नूतनीकरण. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२च्या दराने ५,००० रुपये, पुढची मुदत पाच वर्षांची. इंजिन १००० सीसीच्या आत असल्यामुळे थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२च्या दराने २,०९४ रुपये अधिक जीएसटी.

पहिल्या वर्षाचा ढोबळ अंदाज, बाहेरच्या गॅरेजच्या हिशोबाने: ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट मिळून पाचेक हजार. क्लच घसरत असेल तर मजुरीसह सहा-सात हजार (चौथ्या गिअरला ४० वर अ‍ॅक्सिलरेटर दाबा, आवाज वाढला आणि वेग नाही वाढला तर क्लच संपला). टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, १७१८ म्हणजे २०१८चा १७वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतके जुने टायर बदला, चारांचे चौदा-पंधरा हजार धरा. सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट आणि गॅस सिलिंडरच्या वजनाने बसलेल्या मागच्या स्प्रिंगा यांना आणखी सहा-आठ हजार. एकूण ३० ते ३५ हजार बाजूला ठेवूनच भाव ठरवा.

आणि हायवेवर तापमानाचा काटा अर्ध्याच्या बराच खाली राहत असेल तर कुणीतरी थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय. तो का काढला, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेकदा गाडी तापत असते.

मांजलपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासून घेतलं. बेल्ट, कार्पेट, कनेक्टर कोरडे आणि स्वच्छ, स्टँडखाली धूळ आहे पण गाळ नाही. कोड पी०३०३, कॉइल आणि प्लग बदलून बघितले तरी तिसऱ्यावरच. कॉम्प्रेशन १३, १२.५ आणि तिसऱ्याचं ९.५ बार. ऑइल घातल्यावरही ९.५च.

पाना_पकड

मग ट्यूनिंगने जाणार नाही. रिंगांवरचा संशय गेला, राहिले व्हॉल्व्ह आणि गॅस्केट. थंड इंजिनात व्हॉल्व्ह कव्हर काढून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तिसऱ्याच्या चारही टॅपेटची फट मोजून घ्या. फट जवळजवळ शून्य निघाली तर हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावंच लागेल: सीट कटिंग, खराब व्हॉल्व्ह नवे, सगळे व्हॉल्व्ह सील, हेडची पातळी तपासणं, नवं गॅस्केट, आणि शेवटी योग्य जाडीचे टॅपेट निवडून फट बसवणं. शेवटच्या कामाला वेळ लागतो म्हणून काही जण ते टाळतात, आणि सहा महिन्यांत तेच दुखणं परत येतं. टॅपेटची मापं लिहून मागा.

या कामाला २० हजारांच्या आसपास धरा आणि मोजमापाचा कागद विकणाऱ्यापुढे ठेवून तेवढे भावातून कमी करायला सांगा. गाडी कोरडी आहे, बाकी घ्यायला हरकत नाही. घेतल्यावर पेट्रोलची टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका (पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो), आणि वाघोडियाला निघताना पहिले पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा. टॅपेटची फट दर ४० हजार किमीला मोजून घ्या, थरथर सुरू व्हायची वाट बघू नका.