मराठी संकेतस्थळ गूगलच्या शोधात वर आणताना आलेले अनुभव

पिंपळपान
जुन्या संगणकाची हार्डडिस्क भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी म्हणून बसलो, तर आमच्या दिवाळी अंकाच्या पहिल्या संकेतस्थळाची पाने हाती लागली. पानांवर मराठीचा मागमूस नव्हता. रोमन अक्षरे, कंस आणि चित्रविचित्र चिन्हे यांची नुसती खिचडी होती. २००३ च्या सुमारास तो अंक ज्या फॉन्टमध्ये चढवला होता, तो फॉन्ट आता आमच्या कोणत्याच संगणकात नाही. त्या काळी अनेक मराठी संकेतस्थळे अशीच होती. वाचकाला देवनागरी दिसे, परंतु फाईलमध्ये रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असत. त्यामुळे गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्रॅम, पानावर येऊन गेला तरी त्याच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच, आणि लेखकाचे नाव देवनागरीत टंकून शोधणाऱ्याला आमचा अंक कधीच दिसला नाही.

पुढे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आणला, तेव्हा खरे काम सुरू झाले. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई आणि तशीच साठवली जाई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रूपांतर करताना ही अदलाबदल जिथे नीट झाली नाही, तिथे ‘किल्ला’ या शब्दाची वेलांटी एका ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली आणि ‘कल्ला’ तिच्यापुढे सुटा उभा, असे दृश्य दिसत असे. माणूस ते कसेबसे वाचून घेतो, पण शोधयंत्राला तिथे ‘किल्ला’ मिळत नाही. ‘ॲ’ या अक्षराचा घोळ याहून सूक्ष्म होता. युनिकोडमध्ये ते स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आले. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून वेळ भागवली जात असे. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ती वेगळी आहेत, आणि आमच्या संकेतस्थळाच्या अंतर्गत शोधात एका रूपाने शोधले की दुसऱ्या रूपातले लेख गायब होत. हा सगळा मजकूर आमच्या मुद्रितशोधक बाईंनी ओळीन्‌ओळ तपासला. त्यानंतर लाकडी घाण्यावरच्या एका जुन्या लेखाला, अंकाचे नावही ऐकले नसेल अशा गावांतून वाचक मिळू लागले. आपले पान शोधात दिसावे म्हणून आपण काय केले आणि कशाचा उपयोग झाला, ते येथे जरूर लिहावे.

मुक्कामपोस्ट
आमचे गुहागरला घरगुती निवासस्थान आहे. संकेतस्थळ तयार झाल्यावर एका गृहस्थांनी ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देऊन वर्षाचे पैसे आगाऊ घेतले. त्यांनी पानाच्या तळाशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ‘गुहागर स्वस्त हॉटेल, गुहागर बीच हॉटेल’ अशी भलीमोठी माळ लावली होती. माझ्या भाचीने माऊस ओढून मजकूर निवडला, तेव्हा ती माळ निळ्या पट्ट्यात उजळून निघाली आणि आम्हा सर्वांना दिसली. पानाच्या कोडमधल्या कीवर्ड्‌स टॅगमध्येही, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या यादीतही, शेकडो शब्द कोंबलेले होते. तो टॅग आपण क्रमवारीसाठी विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ च्या सप्टेंबरमध्येच जाहीर केले होते, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही त्यांच्याच मार्गदर्शनात लिहिलेले आहे. लपवलेला मजकूर तर नियमांचा सरळ भंग आहे, त्यामुळे तो आम्ही तातडीने काढून टाकला.

उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. गूगलच्या नकाशावर आमची खूण मागच्या गल्लीत पडलेली होती, ती फाटकावर आणली. दूरध्वनी क्रमांक, व्यवसायाचा प्रकार आणि खोल्यांची खरी छायाचित्रे भरली, आणि प्रत्येक अभिप्रायाला, तक्रारीच्या अभिप्रायालाही, उत्तर देण्याचा शिरस्ता ठेवला. त्यानंतर फोनवर पाहुणे जे विचारतात, त्यावरच एक पान लिहिले: चिपळूण स्थानकापासून सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता कसा आहे, दाभोळ–धोपावे फेरीबोटीत मोटार चढवता येते का, व्याडेश्वराचे मंदिर चालत जाण्याजोगे आहे का, हेदवी आणि वेळणेश्वर एका दिवसात होतात का. संकेतस्थळावर आज सर्वाधिक लोक या पानावरूनच येतात. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले’ अशी सुरुवात असलेले मुख्य पान मात्र कोणीही उघडत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तसे काही शोधपट्टीत कोणी टंकत नाही.

उंबरठा
गूगलला जाहिरातीचे पैसे दिले तर खालच्या साध्या निकालांतही आपण वर येतो, असे आमच्या बाजारपेठेतले सगळे दुकानदार सांगतात. यात तथ्य आहे काय? (दुकानात गिऱ्हाईक आहे, उत्तर रात्री वाचेन.)

सह्यकडा
@उंबरठा, तथ्य नाही. जाहिरातीचा लिलाव निराळा आणि निकालांची क्रमवारी निराळी. जाहिरात बंद केली की त्या जागी दिसणे त्याच क्षणी थांबते आणि खालचा क्रमांक होता तिथेच राहतो.

पाटावरवंटा
माझे पाककृतींचे संकेतस्थळ आहे, आणि सर्च कन्सोल या, आपले संकेतस्थळ शोधात कसे दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या, गूगलच्या साधनातील शोधशब्दांचा तक्ता हे माझे रोजचे वाचन आहे. तिथे प्रथम ध्यानात आले की मराठी पाककृती मराठीतच हव्या असणारे असंख्य लोक शोधताना मात्र रोमन लिपीत टंकतात. जे देवनागरीत लिहितात त्यांतही ‘थालीपीठ’, ‘थालिपीठ’ आणि ‘थालपीठ’ असे तीन संप्रदाय आहेत. प्रत्येक रूपासाठी वेगळे पान करा, असा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण एकाच कृतीची तीन पाने एकमेकींशीच स्पर्धा करतात आणि वाचकालाही फसवल्यासारखे वाटते. मी शीर्षकात प्रमाण रूप ठेवते आणि प्रचारातले दुसरे रूप मजकुरात सहज येईल तिथे येऊ देते. रोमन लिपीतले नाव छायाचित्राच्या पर्यायी वर्णनात (चित्र न दिसल्यास त्याजागी येणाऱ्या मजकुरात) देवनागरीच्या जोडीने एकदाच देते.

दुसरा प्रश्न दुव्यांचा आहे. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर गूगलला त्यात काहीही अडचण नसते, पण तोच पत्ता व्हॉट्‌सॲपवर चिकटवला की त्याचे टक्केचिन्हांनी भरलेले शेपूट होते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे ‘भाजणी’ हा शब्द काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हांचा, पण पत्त्यात तो ४५ अक्षरांचा होतो. माझ्या सासूबाईंना असा दुवा पाठवला तेव्हा त्यांनी मला संगणकाला विषाणू लागल्याचे कळवले. तेव्हापासून पत्ता रोमनमध्ये आणि आतील सर्व मजकूर देवनागरीत, असा मधला मार्ग मी काढला आहे.

गवतीचहा
पाटावरवंटाताई, आमच्याकडे ‘थालपीठ’च म्हणतात आणि तेच बरोबर आहे. भाजणीत धने भाजून घालावेत की कच्चे, तेवढे सांगून टाका, कारण आपल्या पानावर ते प्रस्तावनेच्या फार खाली दडलेले असते.

पाटावरवंटा
@गवतीचहा, भाजूनच घालावेत. प्रस्तावनेबद्दलची तक्रार मान्य आहे. साहित्य आणि प्रमाण आता सर्वांत वर घेतले आहे. लांबलचक आठवणी लिहिल्याने पान वर येते, हा समज पाककृतींच्या जगात इतका खोल रुजला आहे की माणसे मीठ किती घालायचे हे सांगण्याआधी आजीच्या माहेरापर्यंत जाऊन येतात. ठरावीक शब्दसंख्येला पसंती दिली जात नाही, हे गूगलने अनेकदा स्पष्ट केलेले आहे.

तिसरीघंटा
मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात काम करते. प्रवेशांच्या तोंडावर आमचे नवे संकेतस्थळ सुरू झाले, आणि दोन आठवड्यांत संस्थेचे नाव टाकूनही ते गूगलमध्ये दिसेनासे झाले. कंत्राटदाराने ‘अल्गोरिदम बदलला आहे, अधिक खर्च करावा लागेल’ असे लेखी कळवले. अखेर आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने पानाचा मूळ कोड उघडून त्यातली ‘नोइंडेक्स’ (नोंद करू नये) ही सूचना बोट ठेवून दाखवली. वर्डप्रेस या संकेतस्थळे बांधण्याच्या प्रणालीत वाचनविषयक सेटिंगच्या पानावर, शोधयंत्रांनी हे संकेतस्थळ नोंदवू नये अशा अर्थाचा एक लहानसा चौकोन असतो. बांधकाम चालू असताना त्यावर खूण करणे रास्तच आहे, पण सुरू करताना ती काढायची राहिली होती.

खूण काढल्यावर मुख्य पान परत आले, परंतु जुनी अंतर्गत पाने आली नाहीत, कारण सर्व पत्ते बदललेले होते आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांवर नेणारी व्यवस्थाच केलेली नव्हती. वर्तमानपत्रांनी आणि पालकांनी वर्षानुवर्षे दिलेले दुवे ‘पान सापडत नाही’ या पाटीवर येऊन आदळत होते. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहून तो तक्ता मी स्वतः तयार केला, आणि मग ३०१ प्रकारचे, म्हणजे कायमचे, स्थलांतर बसवून घेतले. नवे संकेतस्थळ करून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा तक्ता देयक मंजूर करण्यापूर्वी मागून घ्यावा.

सह्यकडा
तिसरीघंटा यांच्या अनुभवाला एक पुरवणी जोडतो. एखादे पान शोधातून काढायचे असेल तर अनेक जण ‘नोइंडेक्स’ही लावतात आणि रोबॉट्‌सच्या, म्हणजे क्रॉलरने कोठे जाऊ नये हे सांगणाऱ्या, फाईलमध्ये मनाईही घालतात. दुहेरी कुलूप लावल्याचे समाधान मिळते, पण परिणाम उलटा होऊ शकतो. मनाई असल्यामुळे क्रॉलर पान उघडतच नाही, म्हणून त्यातली ‘नोइंडेक्स’ ही सूचना तो कधी वाचतच नाही, आणि बाहेरून कोणी दुवा दिलेला असेल तर नुसता पत्ता निकालांत दिसत राहू शकतो.

माझा स्वतःचा अनुभव दुव्यांच्या बाजाराचा आहे. गडकिल्ल्यांच्या माझ्या संकेतस्थळासाठी ‘हजार बॅकलिंक’, म्हणजे इतरांच्या पानांवरून आपल्याकडे येणारे दुवे, स्वस्तात मिळवून देणारी पत्रे आजही येतात. गूगलचे संस्थापक पेज आणि ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलेल्या पेजरँक या क्रमवारीच्या पद्धतीचा पायाच मुळी असा होता की एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा ही एक प्रकारची शिफारस मानावी. शिफारशीला किंमत आली म्हटल्यावर तिचा बाजारही भरणारच होता. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला, तेव्हा अशा विकत घेतलेल्या दुव्यांवर उभी असलेली पुष्कळ संकेतस्थळे खाली आली. मोठ्यांचीही गय झालेली नाही: २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ, शोधयंत्राला एक आणि वाचकाला दुसरे पान दाखवल्यामुळे, गूगलने काही काळ निकालांतून काढून टाकले होते.

मराठी विकिपीडियावरच्या एका लेखात माझ्या पानाचा संदर्भ कोणीतरी दिला. विकिपीडियावरील बाहेरचे दुवे २००७ पासून ‘नोफॉलो’ असतात, म्हणजे ते शिफारस म्हणून धरले जावेत असा त्यांचा उद्देशच नसतो. तरीही तिथून येणारे वाचक थांबून वाचतात, आणि त्यांच्यातल्याच काहींनी पुढे स्वतःच्या पानांवरून मला मनापासून दुवे दिले.

जाईजुई
माझा अनुभव छोटा आहे. आमच्या ग्रंथालयाने दुर्मिळ पुस्तकांच्या पीडीएफ चढवल्या, पण त्या नुसत्या छायाचित्रांच्या होत्या आणि फाईलींची नावे ‘स्कॅन ००१’ अशी होती. प्रत्येक पुस्तकासाठी एक साधे पान केले, त्यावर शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष आणि अनुक्रमणिका देवनागरीत टंकली, आणि त्यानंतर दूरदूरच्या अभ्यासकांची पत्रे येऊ लागली. अनुक्रमणिका टंकण्याचे काम कंटाळवाणे असले तरी अभ्यासक पोहोचतात ते तिच्यातल्या प्रकरणांच्या नावांवरूनच.

मुक्कामपोस्ट
गतीचा विषय राहिला होता. आमच्या पानावर कॅमेऱ्यातून जशीच्या तशी उतरवलेली छायाचित्रे होती, आणि घाटात फोनवर पान उघडेपर्यंत पाहुणा पुढच्या गावाला पोहोचत असे. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. छायाचित्रे आटोपशीर केल्यावर आम्ही त्यात बसलो. क्रमांक त्यामुळे फारसा हलला नाही, पण खोलीसाठी विचारणा वाढल्या, म्हणून श्रम वाया गेले असे म्हणणार नाही.

पाटावरवंटा
गेल्या काही काळात निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश येऊ लागला आहे. भारतात तो ऑगस्ट २०२४ पासून दिसू लागला. ‘साबुदाणा किती वेळ भिजवावा’ यासारख्या प्रश्नांना तिथेच उत्तर मिळते, त्यामुळे माझे पान दिसते तेवढेच, पण उघडणारे कमी झाले आहेत. ज्यात हाताचा अनुभव लागतो, उदाहरणार्थ उकडीच्या मोदकाची पारी का फाटते, तिथे मात्र लोक अजून आत येतात. मी आता लिखाण त्या दिशेने वळवले आहे.

उंबरठा
सह्यकडा, आभारी आहे; जाहिरातीचा विचार बाजूला ठेवला. मी भांड्यांच्या दुकानाचे संकेतस्थळ नुकतेच सुरू केले आहे आणि ते कुठेच दिसत नाही. सुरुवात कोठून करावी?

तिसरीघंटा
@उंबरठा, प्रथम शोधपट्टीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत, त्यापुढे अपूर्णविराम आणि लगेच आपला पत्ता टाकून पाहा. काहीच आले नाही तर बहुधा पान अजून नोंदवलेलेच नाही. सर्च कन्सोलमध्ये संकेतस्थळाची मालकी सिद्ध करा, साइटमॅप, म्हणजे आपल्या पानांच्या पत्त्यांची यादी, द्या, आणि मुख्य पानाचा पत्ता तिथल्या तपासणीच्या चौकटीत घाला. नोंदणी का झाली नाही याचे कारण बहुधा तिथेच मिळते. मी सांगितलेला तो वर्डप्रेसचा चौकोनही पाहून घ्या. नोंदणीची विनंती एकदा केली की पुरे, रोज केल्याने काम लवकर होत नाही. तोवर दुकानाची नकाशावरची नोंद पूर्ण करा, आणि ‘कल्हई करून मिळेल’ असे असेल तर ते संकेतस्थळावर स्पष्ट लिहा. आमच्या शहरात कल्हईवाला शोधून मी थकले आहे.

उंबरठा
कल्हई करून मिळते. आजच लिहितो.