घरी दोघांचं उभं आर्केड मशीन बनवतोय, प्लाय, स्क्रीन आणि बटणांसाठी सल्ला हवाय

कॉइनवाला_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं ते आता करायचंच ठरवलंय, घरी उभं राहून दोघांनी खेळायचं आर्केड मशीन (व्हिडिओ गेमच्या दुकानात असायचं तसं), तयार किट आणून नाही तर प्लायच्या शीटपासून. खेळायचं काय तर मुख्य मुस्तफा (म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स), स्ट्रीट फायटर टू, किंग ऑफ फायटर्स ९७ आणि आईला पॅकमॅन आवडतो म्हणून तोही. सुतार ओळखीचा आहे, हात चांगला आहे त्याचा, पण तो म्हणतो ड्रॉइंग आण मग बोलू. तर प्रश्न असे की १८ एमएम प्लाय घेऊ की एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), घरात ३२ इंची टीव्ही पडून आहे तो बसवू का, आणि जपानी जॉयस्टिक-बटणं लाकडात नीट बसतात का? बजेट फार ताणायचं नाही पण जे करायचं ते पक्कं करायचंय, दहा वर्षं टिकलं पाहिजे.

रंधा_पटाशी
भाऊ, ड्रॉइंग खोक्यापासून सुरू करू नकोस, बटणांच्या फळीपासून कर. हात कुठे टेकणार ते ठरलं की बाकी सगळी मापं त्यातून निघतात. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घे, त्यावर जॉयस्टिक आणि बटणांची जागा आखून भोकं पाड, टेबलावर उंचावून ठेव आणि दोघं जण शेजारी उभे राहून हात ठेवून बघा. मोठ्या माणसाला फळी जमिनीपासून ३७ इंचांच्या आसपास बरी पडते. स्ट्रीट फायटरला तीन पंच तीन किक अशी माणशी सहा बटणं लागतात, मुस्तफाला दोनच, किंग ऑफ फायटर्सला चार, म्हणजे सहाची मांडणी केलीस की सगळे गेम बसले. पण सहा-सहा बटणं २४ इंचांत कोंबलीस तर खांद्याला खांदा लागतो, त्यामुळे फळी २८ इंच कर, खोका २४ इंची असला तरी दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर आलेली चालते, दिसतेही छान.

रत्नागिरीत एमडीएफ अजिबात नको, दमट हवेत कडा फुगतात आणि कडेत मारलेला स्क्रू धरत नाही. बीडब्ल्यूआर ग्रेडचा (ओल सोसणारा) १८ एमएम प्लाय घे. ८ बाय ४ च्या शीटमधून दोन्ही बाजू शेजारी शेजारी निघतात, फक्त करवतीच्या पात्याची जाडी धरून बाजूची रुंदी साडेतेवीस इंच ठेव, पूर्ण २४ धरलीस तर दुसरी बाजू कमी पडणार. एक बाजू नीट कापून घासून झाली की ती दुसऱ्या बाजूच्या तुकड्यावर क्लॅम्प करून राउटर (लाकूड कोरायचं मशीन) तिच्याच कडेवरून फिरव, दोन्ही तंतोतंत सारख्या येतात.

आता जॉयस्टिक, इथे बहुतेकांचं अडतं. सान्वाची जेएलएफ (तू म्हणतोस ती जपानी जॉयस्टिक) पातळ पत्र्याच्या पॅनलसाठी बनवलेली आहे, १८ एमएम प्लायच्या खालून सरळ लावलीस तर वरती दांडा आखूड राहतो आणि हात फळीला घासतो. खालून राउटरने १२ एमएम खोल खाच काढ, वर ६ एमएम उरू दे, प्लेट त्या खाचेत बसव. बटणांचंही तेच, क्लिपवाली ३० एमएमची बटणं जाड लाकडात पकडच घेत नाहीत. लाकडासाठी लांब आट्यांची नटवाली अमेरिकन पद्धतीची बटणं घे. त्यांना भोक साधारण २८-२९ एमएम लागतं, पण बटण हातात आल्यावर मोजूनच पाड. आणि होल सॉ (गोल भोक पाडायचं पातं) मारताना खाली टाकाऊ फळी घट्ट दाबून ठेवायला सांग सुताराला, नाहीतर पलीकडून कपच्या निघतात.

सोल्डर_बुधवारपेठ
वरचं सगळं बरोबर, मी वायरिंगचं बोलतो. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) या गेमना भरपूर झाला, त्यावर बटोसेरा किंवा रेट्रोपाय हे जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर टाक. पॉवर सप्लाय मात्र ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगलाच घे, मोबाइलचा चार्जर लावून लोक मग हँग होतो म्हणून रडतात. बंद करताना थेट मेन स्विच पाडायचा नाही, एसडी कार्डावरची फाइल सिस्टिम खराब होते, त्यासाठी मागे छोटं शटडाउनचं बटण दे. प्रत्येक खेळाडूला एक झिरो डिले एन्कोडर (बटणं-जॉयस्टिक यूएसबीला जोडणारं छोटं बोर्ड) लागेल, दोन्ही पायला एकाच नावाने दिसतात, म्हणून एकदा जोडले की यूएसबी पोर्ट बदलू नको, नाहीतर पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो. २३० व्होल्टची बाजू वेगळ्या कप्प्यात ठेव, अर्थिंग नक्की दे, मागच्या दाराला वरखाली जाळी ठेव म्हणजे गरम हवा निघून जाईल.

पॅकमॅनसाठी एक गोष्ट. तो फोर-वे (फक्त चार दिशांच्या) जॉयस्टिकचा गेम आहे, एट-वेवर तिरका दाब लागतो आणि वळणावर अडकतो. जेएलएफच्या खालची चौकोनी प्लेट ४५ अंशात फिरवून लावली की ती फोर-वे होते, पण मग फायटिंगला परत फिरवावी लागते, त्यामुळे फळी बिजागरीवर उघडणारी कर, हात आत गेला पाहिजे.

पिक्सेलप्रेमी_ठाणे
३२ इंची टीव्ही विसर दादा, नुसती काचच जवळपास २८ इंच रुंद असते, २४ इंची खोक्यात जाणारच नाही. आणि उभ्या चित्राचा पॅकमॅन सोडला तर हे गेम ४:३ चे (रुंदी चार तर उंची तीन), वाइड स्क्रीनच्या दोन्ही कडा काळ्याच राहणार. जुना १९ इंची ऑफिस मॉनिटर (१२८० बाय १०२४) मिळाला तर उत्तम, वरखाली जेमतेम काळी पट्टी राहते. २४ इंची वाइड घेतलास तर ४:३ चं चित्र साडेएकोणीस इंचांच्या आसपासच मिळतं, फार फरक नाही, पण आयपीएस पॅनलच बघ, दोघं तिरके उभे असतात आणि टीएन पॅनल कडेने फिकट दिसतं. जुन्या पिक्चर ट्यूबचा मोह मलाही आहे, ती चमक एलसीडीवर येत नाही हे खरंच, पण बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हाय व्होल्टेज राहतं, टीव्ही दुरुस्ती येत नसेल तर हात लावू नये.

कॉइनवाला_रत्नागिरी
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं मनापासून कोणी सांगत नाही. टीव्ही रद्द, १९ इंची शोधतो. रंधादादा, मुस्तफा तिघांचा आहे, तिसरी जॉयस्टिक आत्ताच बसवू का? भाऊ सुट्टीला आला की तिघं होतो.

रंधा_पटाशी
२८ इंचांत तिघं मावणार नाहीत रे. तिसऱ्यासाठी वेगळी छोटी पेटी कर, एक जॉयस्टिक चार बटणं, आणि खोक्याच्या पुढच्या बाजूला एक यूएसबी सॉकेट काढून ठेव. पुठ्ठ्यावर मांडणी झाली की फोटो टाक, माप बघून सांगतो, तोवर प्लाय कापायला देऊ नकोस.