ईजीआर साफ करूनही पी०४०१ परत आला, आता पत्रा मारू की मॅनिफोल्ड उतरवू?

नमस्कार मंडळी, डिझेलवाल्यांची मदत हवी आहे. (नवख्यांसाठी: ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी सिस्टीम, मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा इनटेकचा भाग, आणि पी०४०१ हा चेक इंजिनच्या दिव्यामागचा कोड.)

बाबांची जुनी हॅचबॅक आता माझ्याकडे आहे, २०१२चं मॉडेल, बीएस फोर, पुण्याचं पासिंग, १ लाख ३८ हजार झालेत. डीपीएफची, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरची, भानगड नाही. दोन महिन्यांपूर्वी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला गाडीनं मान टाकली, तिसऱ्यात दाबून धरली तरी ४०च्या वर जाईना आणि धूर इतका काळा की मागचा टेम्पोवाला अप्पर मारायला लागला. बायको म्हणते एसी बंद कर, केला, काय फरक पडतोय. वर पोचलो तर चेक इंजिनचा दिवा.

बाबांचं म्हणणं, डिझेल गाडी आहे धूर सोडणारच. पण त्यांच्या हातात होती तेव्हा दर महिन्याला गावी चक्कर व्हायची, माझं रोजचं कोथरूड ते एरंडवणे, इंजिन गरम व्हायच्या आत ऑफिस येतं. काजळी साचायला अजून काय पाहिजे.

ब्लूटूथवाला स्वस्तातला स्कॅनर लावला, पी०४०१ आला, म्हणजे ईजीआरचा फ्लो कमी. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले ईजीआरचा व्हॉल्व आणि तो धूर थंड करणारा कूलर दोन्ही बदला, ३२ हजार. गाडीच विकली तर किती येतील हो? ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "दादा, ईजीआरच्या वाटेत पत्रा मारून ती बंद करून देतो, ५०० रुपयांत टेन्शन खलास, पीयूसीत डिझेलचा फक्त धूरच बघतात." ते खरं असेल, पण पत्रा मारला की फ्लो शून्य, मग फ्लो कमी असल्याचा कोड जाणार कसा? उलट कायमचा राहील. आणि ती सिस्टीम नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला बसवलीय, ती बंद करायला मन होत नाही.

म्हणून रविवारी स्वतःच व्हॉल्व उतरवला. मला वाटलेलं कोरडी काजळी असेल, कसलं काय, ओलसर डांबर! ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये सोडणारा पाइप) येणारी ऑइलची वाफ आणि एक्झॉस्टची काजळी मिळून तो लगदा होतो म्हणे. आतला दांडा अर्धवट उघडा अडकलेला, अंगठ्यानं दाबला तर हलेना, कार्ब क्लीनर मारून दहा मिनिटं ठेवल्यावर कट्ट आवाज करून सुटला. दोन कॅन, एक जुना टूथब्रश आणि घरातला लाकडी चमचा कामी आला (चमच्याबद्दल अजून बोलणी खातोय). मोटरच्या बाजूला फवारा जाऊ दिला नाही, गॅस्केट नवीन टाकलं.

युट्यूबवर एक जण चालू इंजिनाच्या इनटेकमध्येच स्प्रे मारताना दिसला, ते कृपया कोणी करू नका, डिझेल इंजिन त्या स्प्रेवरच पेटून रेस घेत सुटू शकतं आणि मग चावी फिरवूनही थांबेल याची गॅरंटी नाही.

आयडलिंग एकदम मऊ झालं, धूर कमी झाला, पण पिकअप निम्माच परत आला आणि ३०० किमीनंतर दिवा पुन्हा हजर, कोड तोच. आता व्हॉल्व तर हातानं हलतोय, मग फ्लो अडतोय कुठं? कूलर चोक असेल का? का पुढं मॅनिफोल्डमध्ये? आणि मॅनिफोल्ड न उतरवता कळायचा काही मार्ग आहे का, कोणी केलं असेल तर नीट सांगा, "नवीन गाडी घे" सोडून काहीही चालेल.

अपडेट, तीन आठवड्यांनी:

खाली कमेंटमध्ये ज्यांनी लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाच्या सेन्सरचे आकडे, बघायला सांगितला त्यांना दंडवत. इंजिन गरम करून आयडलवर ठेवलं आणि मेकॅनिकच्या मोठ्या स्कॅनरवरून व्हॉल्व उघडायची कमांड दिली. एक्झॉस्ट आत आला की ताजी हवा कमी ओढली जाते, म्हणजे एअर फ्लो सेन्सरचा आकडा चांगलाच खाली यायला पाहिजे. आमचा जेमतेम हलला. म्हणजे व्हॉल्व उघडतोय पण वाट बंद.

मॅनिफोल्ड उतरवलं. ईजीआरचा पाइप जिथं जोडतो त्या तोंडात जेमतेम करंगळी जात होती. कूलर मात्र बऱ्यापैकी मोकळा निघाला, ३२ हजार वाचले! मॅनिफोल्ड रात्रभर डिझेलमध्ये भिजवलं, सकाळी खरवडलं, धुऊन पूर्ण वाळवून बसवलं. मजुरी २,२०० आणि गॅस्केट वेगळे. पत्रा मारायला निघालेल्या त्याच मेकॅनिकनं केलं आणि त्या काळ्या तोंडाचा फोटो स्टेटसला पण ठेवला.

९०० किमी झाले, दिवा नाही. परवा खंबाटकी तिसऱ्यात ६०नं चढलो.

आता एकच विचारायचंय, ब्रीदरच्या पाइपला ऑइल कॅच कॅन (वाफेतलं ऑइल अडवून साठवणारा डबा) कोणी लावलाय का, आणि तो किती दिवसांनी रिकामा करावा लागतो?