मदत हवी आहे: पायातल्या सळया ब्लॉकच्या पोकळीत येत नाहीत, परवा ग्राउट आहे

नवखा_अभियंता
नमस्कार मंडळी. तातडीचं आहे म्हणून थोडक्यात लिहितो. पोकळ काँक्रीट ब्लॉकची भिंत चालू आहे, आत उभं स्टील आहे. पायातून वर काढलेले सळयांचे तुकडे, म्हणजे डॉवेल, काही ठिकाणी पोकळीत न येता ब्लॉकच्या मधल्या पडदीवर येतायत. मिस्त्री म्हणतो, पाईप घालून वाकवून पोकळीत घेतो, पाच मिनिटांचं काम आहे. परवा पोकळ्यांत ग्राउट (पातळ काँक्रीट) भरायचा आहे, पंपवाल्याला सांगून झालंय. वाकवले तर चालेल का? हो की नाही एवढंच सांगा.

थापी
चालेल. वीस वर्षं वाकवतोय, एकही भिंत पडलेली नाही. गरम मात्र करू नका, थंडच वाकवा.

ओळंबा
हो-नाही असं उत्तर देता येणार नाही. ब्लॉक किती जाडीचा? सळई किती मिमीची, किती अंतरावर, पायाच्या वर किती निघालीय? भिंतीची उंची किती? किती थर लावून झाले? आणि भिंतीच्या एका बाजूला माती येणार आहे का? हे लिहा, मग बोलू.

नवखा_अभियंता
२०० चा ब्लॉक, १२ मिमी सळई. भिंत ३ मीटर उंच, १२ मीटर लांब. दोन थर झालेत. साधी भिंत आहे काका, वर हलकं छप्पर. वाकवायचं की नाही तेवढं सांगा ना.

गच्ची
ब्लॉकच्या भिंतीला पहिल्या पावसात ओल येते हे लक्षात ठेवा. प्लास्टरच्या आधी सांध्यांवर जाळी मारा, दोन हातांत प्लास्टर करा, किमान सात दिवस पाणी मारा. आमच्याकडे कोणी ऐकलं नाही आणि आता सगळीकडे केसासारख्या भेगा आहेत.

रेखाटन
नवखा, एकच विचारते. ड्रॉइंगवर डॉवेलचं अंतर ५०० आहे का? आणि अडचण बरोबर एक सोडून एक सळईला येते का?

नवखा_अभियंता
हो!! २४ पैकी १२. एक आत, एक पडदीवर, पुन्हा एक आत. कसं ओळखलंत?

रेखाटन
ही चूक मी स्वतः पहिल्या वर्षी कागदावर केली होती, म्हणून.

४०० लांबीच्या ब्लॉकला दोन पोकळ्या असतात, म्हणजे दर २०० मिमीला एक पोकळी. कोपऱ्यापासून धरलं तर पोकळ्यांचे मध्य १००, ३००, ५००, ७०० असे येतात. पहिला डॉवेल १०० वर ठेवून पुढे ५०० चं अंतर घेतलं की दुसरा ६०० वर जातो. ६०० वर पडदी आहे. तिसरा ११०० वर, तिथे पोकळी. चौथा १६०० वर, पुन्हा पडदी. सांधेमोड असल्यामुळे एका थरात जिथे मधली पडदी, तिथेच वरच्या थरात दोन ब्लॉकचा उभा सांधा. म्हणजे ती सळई प्रत्येक थरात अडणारच. अंतर ४०० किंवा ६०० असतं तर हा धागाच निघाला नसता. यात गवंड्याची काही चूक नाही. आरसीसी भिंतीच्या सवयीने ५०० लिहिलं गेलंय.

आता वाकवण्याबद्दल. अमेरिकेच्या टीएमएस ६०२ या वीट-ब्लॉककामाच्या नियमावलीत पडदीला अडणारा डॉवेल वाकवायला परवानगी आहे, पण उतार १:६ पर्यंतच. २५ मिमी सरकवायचं तर १५० मिमी उंची लागते, ते जमतं. तुम्हाला १०० मिमी सरकवायचंय, त्याला ६०० मिमी उंची हवी. तेवढ्यात तीन थर होतात आणि तीनही थरांत सळई पडद्यांमधूनच तिरकी जाणार. पाईप घालून पायाजवळ एकदम मुरड मारली तर ताण आल्यावर सळई आधी सरळ व्हायला बघते आणि तिथला ग्राउट फोडते. तुमच्या बाबतीत उत्तर "नाही" असंच आहे.

थापी
ताई, पुस्तकातलं साईटवर चालत नाही. इतक्या भिंती उभ्या आहेत त्या काय मग?

ओळंबा
थापी, उभ्या आहेत कारण त्यांच्यावर अजून आडवं बळ आलेलं नाही. नुसतं वजन असेल तर सळई नसली तरी भिंत उभी राहते. सळईचं काम लागतं ते वाऱ्यात, भूकंपात, मातीच्या दाबात.

एक भिंत तोडताना मी समोर उभा होतो. पडदी फोडल्यावर आत सळई दिसली ती नुसती, तांबूस, हात लावला तर हलत होती. वरून चार थर ग्राउट होता, खाली सांध्यातून आत आलेल्या मालाची जीभ आडवी येऊन पोकळी बंद झालेली, आणि त्याखाली जवळपास मीटरभर काहीच नाही. बाहेरून भिंत ओळंब्यात आणि देखणी.

खडीवाला
वाकवू नका, कापू नका. सोपं आहे. सगळी ब्लॉकची आखणी ५० मिमी सरकवा. मग प्रत्येक डॉवेल पोकळीच्या मध्यापासून ५० वर येईल, सगळे आत. भिंतीच्या लांबीच्या दिशेने ५० मिमीची सूट असतेच. कोपऱ्याला एक ब्लॉक कापून लावायचा, झालं.

ओळंबा
कागदावर छान आहे, पण पोकळी मोजून बघा. सांधेमोडीमुळे वरच्या-खालच्या थरांच्या पोकळ्या तंतोतंत जुळत नाहीत. आरपार मोकळी जागा साधारण १३० मिमी उरते, म्हणजे मध्यापासून ६५. त्यातून तुमचे ५० आणि सळईची अर्धी जाडी ६ गेली की ९ मिमी उरतात. बारीक खडी घातलेल्या ग्राउटला सळई आणि ब्लॉकमध्ये १२ मिमी लागतात, नुसत्या वाळूच्या ग्राउटला ६. शिवाय मालाची एखादी जीभ तिथे असली की सळईच्या त्या बाजूला ग्राउट पोचणारच नाही.

खडीवाला
मग वाळूचा ग्राउट घ्या. जिभा काढून घ्या. अशक्य काय आहे त्यात? नऊ मिमी म्हणजे दीडपट जागा आहे.

ओळंबा
अशक्य म्हटलंच नाही. पण आता बरोबर बसणारे १२ डॉवेलही तुम्ही काठावर नेताय. बारा दुरुस्त करायला चोवीस बिघडवायचे, हे मला पटत नाही.

जुनी_पानं
या निमित्ताने सांगावंसं वाटतं, भिंतीत लोखंड घालण्याची कल्पना दोनशे वर्षांची आहे. मार्क ब्रुनेलने १८२५ मध्ये थेम्सखालच्या बोगद्यासाठी रॉदरहाइथला विटांची गोल विहीर बांधली, सुमारे १५ मीटर व्यासाची, आणि ती स्वतःच्या वजनाने जमिनीत उतरवली. विटकामात उभ्या लोखंडी कांबी आणि आडव्या पट्ट्या होत्या. पुढे १९३३ च्या लाँग बीच भूकंपात शाळांच्या बिनसळईच्या विटांच्या भिंती कोसळल्या आणि कॅलिफोर्नियात अशा शाळा बांधणं कायद्याने बंद झालं.

खडीवाला
छान माहिती, पण त्याचा पंप परवा येतोय.

नवखा_अभियंता
मग करू काय? कापून केमिकल अँकर (भोक पाडून रसायनाने चिकटवलेली सळई) मारू का सगळीकडे? आणि एक सांगायचं राहिलं, दोन थरांत मिस्त्रीने पडदी हातोडीने फोडून ब्लॉक बसवलेत. मागच्या बाजूला नंतर भराव येणार आहे, पण तो फार नाही, १.२ मीटर.

ओळंबा
हे पहिल्या प्रतिसादात विचारलं होतं. माती येणार असेल तर ही साधी भिंत नाही.

वरचं हलकं छप्पर भिंतीला धरून ठेवणार नाही. म्हणजे मातीच्या दाबाला ती पायात रोवलेल्या खांबासारखी उभी राहणार आणि सगळ्यात मोठा मोमेंट (वाकवणारा जोर) पायाशी, बरोबर तुमच्या लॅपच्या जागी, म्हणजे डॉवेल आणि वरची सळई शेजारी-शेजारी येतात तिथे. मातीची उंची दुप्पट झाली तर तळाचा मोमेंट आठपट होतो, त्यामुळे १.२ चे १.५ कोणी परस्पर करू नका. डॉवेल भिंतीच्या जाडीत मध्यावर आहेत की मातीच्या बाजूला? २०० च्या ब्लॉकची खरी जाडी १९०, त्यात मध्यावर असले तर दाबाच्या कडेपासून ९५ मिमी मिळतात, मातीच्या बाजूच्या कवचाजवळ असले तर १४० च्या आसपास. त्याच सळईची ताकद जवळपास दीडपट होते. उलट्या बाजूला गेली तर मात्र हातात फार थोडं उरतं.

नवखा_अभियंता
मध्यावर आहेत. ड्रॉइंगमध्येही मध्यावरच. डिझायनरने भराव धरलाय, कॅल्क्युलेशनमध्ये १.२ च लिहिलंय, आत्ता बघितलं.

रेखाटन
चांगलं झालं. मग डॉवेल आहेत तिथेच ठेवून लॅप शेजारच्या पोकळीत घ्या. लॅपच्या दोन सळया एकमेकींना चिकटलेल्याच हव्यात असं नाही. त्यांच्यातलं अंतर लॅपच्या लांबीच्या एक पंचमांशापेक्षा आणि २०० मिमीपेक्षा जास्त नको. १२ मिमीला ४८ पट धरला तर ५७६, म्हणजे ६०० चा लॅप. त्याचा पाचवा भाग १२०. तुमचं अंतर १००. बसतं.

अट एकच आहे, दोन्ही सळया एकाच ग्राउटच्या गोळ्यात असायला हव्यात. एका सळईतलं बळ दुसरीत जातं ते मधल्या ग्राउटमधून. मध्ये पडदी राहिली तर वाटच बंद. म्हणून खालच्या तीन थरांत त्या बारा जागी मधली पडदी कापायची, उभ्या सांध्याच्या थरात दोन्ही ब्लॉकच्या टोकाच्या पडद्या कापायच्या, आणि ते तीन थर पूर्ण लांबीत ग्राउटने भरायचे. कापायचं ते कटरने. हातोडीने पडदी फोडली की बाहेरच्या कवचाला तडे जातात आणि ग्राउटच्या दाबाने तिथे ब्लॉक फुटतो. ते दोन थर उतरवा. वरच्या सळयांच्या जागा बदलणार, म्हणून हे रेखाटून डिझायनरची सही घ्या, फोनवरच्या "हो" वर जाऊ नका.

खडीवाला
४८ पट कशाला? आम्ही ४० देतो.

रेखाटन
४० पट कमी ताकदीच्या सळईच्या काळातलं आहे. जास्त ताकदीच्या सळईला ४८ रूढ झालं. डिझाईन ज्या संहितेने केलंय तिचा आकडा घ्या, पण जुन्या सवयीचा नको.

ओळंबा
रेखाटन ताईंशी सहमत. सगळे डॉवेल कापून अँकर मारायच्या मी विरोधात आहे. ओतलेली सळई पायात हूक घालून बसलेली असते. बारा भोकं पाडताना पायातल्या वरच्या सळया कापल्या जाण्याची भीती वेगळीच. नवखा, डॉवेल वर किती आहेत ते अजून सांगितलं नाहीत.

नवखा_अभियंता
६०० होते. आत्ता टेप घेऊन मोजून आलो. पडदीवरच्या बारांपैकी चार कोणीतरी ग्राइंडरने कापलेत, ३०० च्या आसपास उरलेत. ब्लॉक बसवताना आड येत होते म्हणाले. मला कोणी विचारलं नाही.

ओळंबा
त्या चार ठिकाणी मग अँकर. नव्या सळईची जागा थेट शेजारच्या पोकळीच्या मध्यावर. भोकाची खोली डिझायनर सांगेल. भोक ब्रशने घासा, हवेने फुंका, पुन्हा घासा, पुन्हा फुंका. धूळ राहिली तर सळई हाताने उपसून येते, हे मी पाहिलंय.

आणि परवाचा पंप रद्द करा. ३ मीटर एका दमात भरायचं ठरवलं होतंत ना? तळाच्या थरात सफाईची दारं ठेवली आहेत का? ओतण्याची उंची १.६ मीटरच्या वर गेली की ती लागतातच.

थापी
ग्राउटची एवढी काळजी कशाला, कडक माल घाला आणि सळईने ठासा. आत पाणी जास्त झालं तर ताकद जाते.

ओळंबा
थापी, कॉलमला हे बरोबर, ब्लॉकला नाही. ग्राउटचा स्लम्प (पातळपणाचं माप) २०० ते २८० मिमी ठेवतात, अगदी पळीवाढा. ब्लॉक ते जादा पाणी लगेच पिऊन घेतो. कडक माल मध्येच अडकतो, वरून ठासलं तर वरचा हातभरच दबतो. भरल्यावर व्हायब्रेटर, आणि पाणी शोषलं जाऊन ग्राउट खाली बसला की मऊ असतानाच पुन्हा एकदा.

गच्ची
१२ मीटर सलग भिंतीला कंट्रोल जॉइंट (भेगा टाळायला मुद्दाम ठेवलेला उभा सांधा) दिलाय का? ब्लॉक आकसतो. आमच्या भेगांचं मूळ तेच निघालं होतं.

रेखाटन
हा प्रश्न महत्त्वाचा आहे, गच्ची. दोन सांध्यांमधलं अंतर उंचीच्या दीडपट किंवा ७.६ मीटर, यातलं कमी ते, हा ढोबळ नियम. इथे ४.५ मीटर येतात. सांध्यापाशी दोन्ही बाजूंना २०० मिमीच्या आत एकेक उभी सळई हवी. आडव्या सांध्यातली तारेची जाळी तिथे तोडायची, पण छपराच्या पातळीवरच्या बॉण्ड बीमचं (सळया घालून ग्राउटने भरलेल्या आडव्या थराचं) स्टील अखंड न्यायचं. नवखा, डिझायनरकडे जाताय तेव्हा हेही विचारा.

नवखा_अभियंता
अपडेट. पंप पुढे ढकलला, ठेकेदार चिडलाय, पण डॉवेल कापल्याचे फोटो दाखवल्यावर जास्त बोलला नाही. डिझायनरने शेजारच्या पोकळीतला लॅप मान्य करून सही दिली, कंट्रोल जॉइंट दोन दिले. थर उतरवायच्या आधी ओळंबा काकांचं वाचून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पोकळ्यांत बघितलं. दोनच थर, तरी सात पोकळ्यांत तळाला मूठभर माल पडलेला होता, पायाच्या काँक्रीटला चिकटून. एका ठिकाणी सळईच्या भोवती घट्ट बसला होता, छिन्नीने काढावा लागला. आता तळाच्या थरात प्रत्येक सळईपाशी दार ठेवतोय.

थापी
दारं ग्राउटच्या आधी बंद कशी करणार? नुसती फळी ठोकली तर दाबाने उडते. फळीला मागून तिरका टेकू द्या आणि टेकूच्या पायाशी खुंटी मारा. माझ्या साईटवर दोनदा उडाली आहे, म्हणून सांगतो. आणि सफाई शेवटच्या थरानंतर करा, आधी केली तर वरून पुन्हा माल पडतो.

नवखा_अभियंता
हे माहीत नव्हतं, आभार थापी दादा. टेकूंसाठी बल्ल्या आजच मागवतो.